सगळ्यांना आवडलेला दुधी

देवासला आमच्या घरामागे दुधीचा जो वेल आला, तो आम्ही लावलेला नव्हता. तो खताच्या खड्ड्यातून आपला आपण वर आला. बिनबोलावलेला पाहुणा मागच्या दाराने शिरून सरळ पाटावर येऊन बसावा, तसा. आमचे हे पीथमपुरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून परसात भाजी लावतात. जन्मभर शिफ्टच्या बसने गेलेला माणूस, घरी बसला तरी काहीतरी उत्पादन काढणारच. त्यांनी तो वेल पाहिला आणि हात जोडले. देवाने पाठवलाय म्हणाले. मी म्हटलं, देव काही पाठवतो तेव्हा आधी जरा चाहूल तरी देतो. पण आमच्याकडे बागेत माझं चालत नाही. स्वयंपाकघरात त्यांचं चालत नाही, तेवढ्यावर हा संसार टिकलेला आहे.

वेल असा वाढला की दुपारी सगळं शांत असताना त्याचा आवाज यायचा. खरंच यायचा. कपडे वाळत घालायच्या दोरीवरचा यांचा बनियन त्याने एका दुपारीत गिळला. भिंत ओलांडून तो शेजारच्या भाभींच्या डिश अँटेनावर चढला आणि त्यांच्या मालिकेतली सासू ऐन कारस्थानात गोठून उभी राहिली. मांजर परसातून जायची बंद झाली. मी थोडं वाढवून सांगते, हे आमच्या सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. मी साप दिसला म्हटलं की लोक दोरी शोधायला निघतात. माझ्या कुठल्याही बोलण्यातून प्रत्येक जण आपापल्या हिशेबाने निम्मं वजा करतो आणि उरलेलं हसण्यावारी नेतो. याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट जरा मानच वाटायचा.

दुधी लागले ते असे की पानं दिसेनात. पहिले काही फार गोड निघाले. मी चणाडाळ घालून भाजी केली, कोफ्ते केले, थालिपिठं केली, हलवा केला, सालांची चटणी केली, आणि एकदा तर शेजारणीला श्रीखंड म्हणून जे दिलं त्यातही निम्मा दुधीच होता. मग मला कंटाळा आला आणि मी गुपचूप बटाट्यावर आले. यांना पत्ता लागायचं कारण नव्हतं. हे स्वतः दुधीला शिवत नाहीत. लहानपणी तापात कुणीतरी उकडून घातला होता म्हणे, तेव्हापासून नाही. पिकवायचा, पाण्याने धुवायचा, कौतुकाने बघायचा आणि दुसऱ्याच्या पोटात घालायचा.

मग वाटप सुरू झालं. सकाळी फिरायला जाताना यांच्या दोन्ही हातात दुधी असायचे. कुणाच्या फाटकाला पिशवी अडकव, कुणाच्या ओट्यावर ठेव, दूधवाल्याच्या मोटारसायकलला बांध. लोक आधी खूष झाले, मग सावध झाले, मग यांची चप्पल वाजली की पडदे ओढून घेऊ लागले. पण समोर आल्यावर मात्र सगळे तोंडभरून बोलायचे. माळव्यात घरी आलेल्या माणसाला आणि घरी आलेल्या वस्तूला कुणी वाईट म्हणत नाही. आमच्या मराठी घरांचीही तीच खोड. त्यात कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आणखी एक. यांनी दिलेल्या दुधीचा कुणी हलवा करून पाठवायचं, त्या डब्यात मी चिवडा घालून परत करायची, त्यावर तिकडून पुन्हा काही यायचं. त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत डब्यांची जेवढी ये-जा झाली, तेवढी बदनावरच्या मंडीत सोयाबीनच्या ट्रॉल्यांचीही होत नसेल.

पुढे श्रावणाच्या सुमाराला कौतुक जरा बदललं. बदललं म्हणजे सगळ्यांचं एकसारखं झालं. आधी कुणी 'भैया'चं इकडचं 'भिया' करून म्हणायचं, भिया, कोफ्ते असे झाले की पोरं बोटं चाटत बसली. कुणी म्हणायचं, बिया काय कोवळ्या हो. आता विचारलं की सगळे तेच दोन शब्द बोलायचे, "अच्छी थी." आणि लगेच पावसाचं काढायचे. त्याच सुमारास मी न खपलेल्या दुधींच्या फोडींची टोपली फाटकाबाहेरच्या गायीपुढे ठेवली. ही गाय प्लास्टिकची पिशवी खाते, लग्नपत्रिका खाते, एकदा यांचं लाइट बिल खाऊन रवंथ करत बसली होती. तिने फोडींना नाक लावलं, मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, गायीचं पोट भरलं असेल. मी म्हटलं, ती माझ्याकडे बघत होती. त्यावर यांनी हसून निम्मं वजा केलं.

त्याच आठवड्यात यांनी वेलावरचे दोन सगळ्यांत देखणे दुधी धारला आत्याबाईंकडे पाठवले.

आत्याबाई म्हणजे यांच्या वडिलांची बहीण. नव्वदीकडे झुकलेल्या, धारला स्वतःच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. खाली भाडेकरू नवराबायको, दोघंही पीथमपुरला कामाला. यांची आई लवकर गेली, तेव्हा यांना आत्याबाईंनीच वाढवलं. आता हे सहासष्ट वर्षांचे, गुडघ्याला पट्टा बांधून चालणारे, तरी त्यांच्या लेखी अजून 'बाळ'. चातुर्मासात त्यांच्याकडे कांदा, लसूण, वांगं सगळं बंद, म्हणजे दुधीचंच राज्य. धारला निघालेल्या ओळखीच्या जीपवाल्याकडे यांनी दुधी दिले, ते फडक्यात गुंडाळून, तान्ह्या बाळांसारखे. खाली नीट ठेव हं, असं त्याला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या भाभी माझा डबा परत करायला आल्या. डब्यात गरम दालबाफले होते, डाळ आणि तुपात बुडवलेले कणकेचे गोळे. आम्ही ओट्यावर बसलो, इकडचं तिकडचं झालं, आणि बोलता बोलता मी सांगितलं की काल आमच्या आत्याबाईंना धारला दुधी पाठवले. भाभींचा चेहरा असा उतरला की मला वाटलं त्यांना चक्करच आली. त्यांनी माझ्या मनगटाला धरलं.

"दीदी, बुरा मत मानना," म्हणाल्या. "इधर की दो-तीन बार की लौकी कड़वी निकली. कड़वी मतलब, जीभ जल गई. हमने तो फेंक दी."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्यांनी मान खाली घातली. भियाजी इतक्या प्रेमाने देतात, कसं बोलायचं? बरं, आपल्या एकट्याचेच दुधी कडू निघाले असतील असं वाटलं. मग कोपऱ्यावरच्या घरी बोलणं निघालं, तर त्यांचेही कडू. त्यांच्या पलीकडच्यांचेही. सगळ्या गल्लीला माहीत होतं. सगळी गल्ली एकमेकांत बोलत होती आणि आमच्या फाटकापाशी आली की "अच्छी थी" म्हणत होती.

मी आत जाऊन ढिगातला एक दुधी कापला आणि चकतीला जिभेचं टोक लावलं. मी आयुष्यात कडुनिंब चावला आहे, काढा प्यायले आहे, सासरच्या माणसांची बोलणी खाल्ली आहेत. हे त्यातलं काही नव्हतं. ते कडू जिभेवर थांबलं नाही, घशात उतरून बसलं आणि चूळ भरून, गूळ खाऊन हललं नाही. मी यांना हाक मारली, चकती पुढे केली. यांनी ती जेमतेम ओठाला लावली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "दुधी असाच लागतो."

ज्या माणसाने साठ वर्षांत दुधी खाल्ला नाही, त्याने मला दुधी कसा लागतो ते सांगितलं.

मी फोन उचलला. आत्याबाई सकाळी सोवळ्यात असतात. पूजा, स्वयंपाक, नैवेद्य होऊन स्वतः जेवून उठेपर्यंत फोनला हात लावत नाहीत. तो कपाटावर वाजत राहतो आणि त्या म्हणतात, वाजू दे, देवाला घाई नाही. खालच्या भाडेकरूंना लावला, ते कामावर. मशीनपाशी फोन बंद. आणि मग मला जे आठवलं ते सांगते. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. मीठ बघायचं नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही. देवाच्या आधी जीभ लावणं म्हणजे उष्टं. मग तो नैवेद्य पानात आला की प्रसाद. प्रसादाला नाव ठेवायचं नाही, आणि टाकायचा तर नाहीच. आत्याबाईंच्या पानात मी आजवर कढीपत्त्याचं पान उरलेलं पाहिलं नाही. म्हणजे आधी कळायची सोय नाही आणि नंतर थांबायची सोय नाही. एवढ्या जपून पाळलेल्या रीतींचा असा सापळा होईल, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

आम्ही गाडी काढली. देवास ते इंदूर हे मला समजावत होते की एखाद-दुसरा कडू निघतो, आत्याकडचे दोन त्यांनी स्वतः निवडलेले, वेलाच्या पूर्वेकडचे, तिकडचे गोडच. इंदूर ओलांडताना ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा म्हणाले की भाभींना जळफळाट झालाय. मी गप्प बसले याचीच यांना जास्त भीती वाटली असावी, कारण त्यानंतर गाडी जरा जोरात गेली. बाहेर सगळं हिरवंगार होतं, दोन्ही बाजूंना सोयाबीन, तारांवर वेल, झोपड्यांच्या छपरांवर वेल. प्रत्येक छपरावर मला लोंबणारे दुधी दिसत होते. घशातलं कडू तसंच होतं. मधून मधून मी फोन लावत होते आणि तो आत्याबाईंच्या कपाटावर वाजत होता.

धारला जिना चढलो तेव्हा दार उघडं होतं. आत्याबाई पाटावर जेवत होत्या. ताटात वरणभाताचे शेवटचे दोन घास आणि भाजीची जागा पुसल्यासारखी स्वच्छ. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"अगबाई, बाळ आलाय. बसा, पानं घेते. तुझ्याच दुधीची भाजी आहे."

त्या डावा हात टेकून उठायला लागल्या. मी विचारलं, "आत्याबाई, भाजी कडू लागली का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. यांच्याकडे पाहिलं. हे दारात चपला काढत होते, गुडघ्यामुळे वाकायला त्रास होत होता.

"छान झाली आहे," आत्याबाई म्हणाल्या. "त्याच्या हाताला गुण आहे."

हे माझ्याकडे वळून म्हणाले, बघ. मी ओट्यापाशी गेले, कढईतली एक फोड तोंडात टाकली आणि तिथेच मोरीत थुंकले. सकाळची चकती याच्यापुढे पेढा होती. आणि मग मी जे केलं ते घाबरून केलं: अख्खी कढई मोरीत उपडी केली, वर बादलीभर पाणी ओतलं. सोवळ्यातली कढई, श्रावणातला प्रसाद, वाढून घेणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत. आत्याबाई ताटावर हात तसाच धरून बसून राहिल्या. देवापुढची वात तेवढी तडतडत होती.

थोड्या वेळाने त्या उठल्या, हात धुतले, आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या. उभ्या राहायला गेल्या तर पाय चालेना. मग उलट्या सुरू झाल्या. मी त्यांचं कपाळ धरलं होतं. कपाळ गार, घामाने निथळलेलं. त्यातही त्या म्हणत होत्या की सकाळी पित्त झालं होतं, कालचं ताक आंबट होतं, वय झालं आता. एकेका उलटीगणिक एकेक नवं कारण. दुधीचं नाव नाही.

बसस्टँडजवळच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. मी त्याला सांगितलं की कडू दुधी खाल्लाय, वाटीभर, विषासारखा कडू, मी स्वतः चाखलाय, गाय तोंड लावत नव्हती, सगळी गल्ली फेकून देत होती. मी खरं तेवढंच सांगत होते, पण माझं खरंही खोट्याच्या चालीने बाहेर पडतं, हात हलवून, डोळे मोठे करून. शेजारी हे उभे. त्यांनी अगदी मऊपणे डॉक्टरला सांगितलं, "सर, इनको ज़रा बढ़ाकर बोलने की आदत है."

सगळ्या जन्माची वजाबाकी त्या एका वाक्यात माझ्यापुढे येऊन उभी राहिली. भाजी मोरीत गेलेली. दाखवायला फोडही नाही.

डॉक्टर आत्याबाईंच्या खाटेपाशी गेला. त्याने नीट समजावून सांगितलं. साधं पित्त असेल तर इंजेक्शन देतो, तासाभरात घरी जा. पण लौकी खरंच कडू असेल तर गोष्ट वेगळी आहे. मग रक्तदाब एकदम खाली येतो, आतून रक्त जातं, या वयात तर काही सांगता येत नाही. मग ठेवून घ्यावं लागेल, लक्ष ठेवावं लागेल. तेव्हा अम्माजी, नीट आठवून सांगा, कडू होती का?

"अच्छी थी," आत्याबाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा विचारलं. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे पायथ्याशी खाटेची दांडी धरून उभे होते, शर्टावर अजून सकाळच्या मातीचे डाग. आत्याबाईंचे ओठ पांढरे पडले होते, पण त्या हसल्या. "बहुत अच्छी थी. भतीजे ने उगाई है."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं आणि नर्सला इंजेक्शन आणायला सांगितलं. म्हणजे आम्ही तासाभरात घरी जाणार होतो.

मला त्या क्षणी कळलं की हे खाटेपाशी उभे आहेत तोवर ही बाई मरेल, पण बोलणार नाही. मी यांना म्हटलं, अहो, नारळपाणी आणा, दोन आणा, चौकातून आणा, इथलं नको. यांना अशा वेळी काम दिलं की बरं वाटतं. ते गेले. जिन्यावरचा त्यांचा लंगडता आवाज पार खाली पोचेपर्यंत मी थांबले. मग आत्याबाईंच्या कानाशी वाकले आणि काही विचारलंच नाही, नुसती थांबले.

"जहर होतं गं," त्या म्हणाल्या. डोळे मिटलेले. "पहिल्या घासालाच कळलं."

"मग खाल्लं कशाला?"

"प्रसाद होता. आणि त्याने फडक्यात गुंडाळून पाठवलेले, बाई. फडक्याला गाठ मारलेली होती." जरा वेळ श्वास घेतला. "त्याला सांगू नकोस. डॉक्टरला हळूच सांग. तो आयुष्यभर जीव खाईल स्वतःचा."

मी डॉक्टरला हाक मारली. तो आला तेव्हा आत्याबाईंनी डोळे न उघडता फक्त मान हलवली. त्याने रक्तदाब पुन्हा पाहिला आणि मग तो घाईने बोलायला लागला, नर्स घाईने चालायला लागली. सलाईन लागलं. दुसरी बाटली तयार ठेवली. इंजेक्शनची चिठ्ठी त्याने चुरगळून टाकली. त्याने मला विचारलं, आणखी कुणी खाल्लंय का हे? मी उत्तर द्यायला वळले तर दारात हे उभे. हातात दोन शहाळी. किती वेळ उभे होते कोण जाणे.

यांनी शहाळी स्टुलावर ठेवली, आत्याबाईंच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. आत्याबाईंनी डोळे उघडले, यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतून त्यांना मला काय सांगायचं होतं ते मी लिहीत नाही. हे व्हरांड्यात गेले आणि त्यांनी फोन काढला.

मी ऐकत होते. पहिल्या घरी यांनी विचारलं, लौकी कड़वी थी क्या? तिकडून काय आलं ते यांच्या तोंडावरून कळलं. दुसऱ्या घरी विचारलं. तिसऱ्या. यांचा आवाज दर वेळी खाली जात होता. दूधवाल्याने तर म्हणे आणखी मागितला. प्रत्येक घरात फ्रिजमध्ये अजून अर्धा दुधी असू शकत होता, प्रत्येक घरात कुणीतरी म्हातारं माणूस होतं, आणि एकही माणूस यांना खरं सांगायला तयार नव्हता. ज्यांनी फेकून दिला होता तेही नाही, आणि ज्यांनी न कळता डब्यात भरून नेला असेल तेही नाही.

मग यांनी विचारणं बंद केलं. भिंतीला टेकून उभे राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना फोन लावले. या वेळी कुणाला बोलायची संधी दिली नाही.

"भिया, सुनो. मेरी लौकी में ज़हर है. घर में पड़ी हो तो अभी फेंको, गाय को भी मत देना. मेरी बुआ अस्पताल में है." तिकडून काहीतरी आलं असावं. "नहीं," हे म्हणाले, "अच्छी नहीं थी. मैं बोल रहा हूँ ना."

आत खाटेवर आत्याबाईंना सगळं ऐकू येत होतं. ऊन उतरलं तेव्हा डॉक्टर म्हणाला की दाब सावरतोय, धोका टळल्यासारखा आहे, तरी दोन दिवस हलवू नका. मी त्यांच्या तोंडात चमच्याने शहाळ्याचं पाणी घातलं. त्यांनी गिळलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"ऐकलं त्याने," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. व्हरांड्यात हे अजून बोलत होते. आता दूधवाल्याला, तिसऱ्यांदा.